बजबजची मोठी जाऊ

आई ‘नको’ म्हणाली होती. ओरडून नाही, रडूनही नाही. भाजीवाल्याला ‘आज कोथिंबीर नको’ सांगावं तितक्या सहज तिने डॉक्टरांना सांगितलं, की ती औषधं नकोत, ती सलाइनं नकोत, मला काहीच नको. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. बाबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. आणि मधुवंती, जिला बाहेर बाकावर बसायला सांगितलं होतं, ती दाराच्या फटीला कान लावून उभी होती. ते ‘नको’ तिच्या कानात मुक्कामालाच राहिलं.

आईच्या डाव्या स्तनात गाठ सापडली होती. तपासणीत कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, वेळेत सापडलाय, उपचार होण्यासारखा आहे, फक्त उशीर करू नका. पण आईचं ठरलेलं होतं.

“माझ्या आईचं सगळं मी बघितलंय,” ती घरी आल्यावर म्हणाली. “मी तेव्हा तुझ्याएवढीच होते, मधू. नाशिकला आमच्या घरात वर्षभर दुसरा विषय नव्हता. तिच्यात धीर होता म्हणून तिने सोसलं. माझ्यात नाही. आहेत ते दिवस मी माझ्या स्वयंपाकघरात काढीन.”

आणि वर ताकीद, की बाहेर कुणाला सांगायचं नाही. मराठी मंडळातल्या बायकांना सांगितलं होतं, मानेचं दुखणं आहे. त्या बिचाऱ्या रोज फोन करून शेक कसा घ्यायचा ते सांगायच्या, आणि आई “हो, घेते ना” म्हणायची.

मधुवंतीची दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती. खरं तर हे तिचं वर्ष होतं. गेल्या वर्षापर्यंत ती वर्गात असली काय नि नसली काय, हजेरी घेणाऱ्या बाईंनाच तेवढा फरक पडायचा. मग शाळेच्या वार्षिक समारंभाला सूत्रसंचालन करणारी मुलगी ऐन वेळी आजारी पडली, बाईंनी हाताला लागली म्हणून मधुवंतीला माइकपुढे ढकललं, आणि मराठी घरातल्या या मुलीने दोन तास अशी काही झकास बंगाली झोडली की मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, ही आपल्याच शाळेत असते का? तेव्हापासून तिच्या जिभेला चाकं फुटली. बसच्या कंडक्टरशी ती वाद घालायची, ब्युटी पार्लरवालीला सल्ला द्यायची, अनोळखी आजोबांना रस्ता ओलांडून द्यायची, ओलांडायचा नसला तरी! आपण बोललो की जग हलतं, असा तिला शोध लागला होता.

फक्त आईपुढे ते जग हलत नव्हतं. दोन आठवडे ती बोलत होती. आई ऐकायची, आणि मग म्हणायची, “झालं? मग जरा ते पापड वाळत घाल.”

सायली काकू वरच्या मजल्यावर राहायची. ती बाबांच्या धाकट्या भावाची बायको, म्हणजे आईची धाकटी जाऊ. लग्न होऊन नागपूरहून टालीगंजच्या या घरात आली त्याला तीन वर्षं झाली होती, आणि ती कॅन्सरच्या नोंदणी कार्यालयात नोकरी करायची. तिथे उपचार होत नाहीत. शहरात आणि आसपासच्या गावांत कुणाकुणाला कॅन्सर झाला ते तिथे लिहून ठेवतात, आणि पाच वर्षांनी त्यातलं कोण हयात आहे ते शोधतात. शंभरातले किती राहिले, हा जो आकडा डॉक्टर लोक सांगतात, तो असा घरोघर विचारून गोळा होतो, हे मधुवंतीला काकू येईपर्यंत माहीतच नव्हतं.

एकदा काकूच्या लॅपटॉपवर तिला एक आलेख दिसला. डावीकडून वर सुरू झालेली रेघ उजवीकडे उतरत उतरत जात होती. सरळ नाही, जिन्यासारखी.

“ह्या पायऱ्या कसल्या गं, काकू?”

काकूने झाकण मिटायला हात नेला, मग थांबली. खोटं बोलणं तिला जमायचं नाही. “प्रत्येक पायरी म्हणजे कुणीतरी गेलं,” ती म्हणाली.

रेघ जिथे संपत होती तिथला आकडा मधुवंतीने वाचला होता. तो तिने कुणालाच सांगितला नाही. आंघोळ करताना, केस विंचरताना, मैत्रिणींच्या गलक्यात बसून फुचका, म्हणजे तिथली पाणीपुरी, खाताना तो आकडा अचानक समोर येऊन उभा राहायचा आणि तिच्या तोंडातलं चिंचेचं पाणी बेचव व्हायचं.

“पण ती रेघ खरी असते का?” दुसऱ्या दिवशी तिने विचारलं.

“आम्हाला सापडली तेवढ्या माणसांपुरती खरी,” काकू म्हणाली. “गेलेल्याची नोंद कुठे ना कुठे होतेच, मधू. हॉस्पिटलात होते, नगरपालिकेत होते. जगणारा माणूस मात्र हरवतो. घर बदलतो, फोन बदलतो, मुलीकडे राहायला जातो. कित्येकजण तर आपल्याला कधी काही झालं होतं हेच कबूल करत नाहीत. मग त्याला शोधत हिंडायचं.”

मधुवंतीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणजे जिवंत बायका आहेत! कुठेतरी गल्लीबोळांत, दारं लावून, पण आहेत. त्यातली एक, फक्त एकच, आईसमोर आणून उभी केली तर?

“एकीचा नंबर दे ना, काकू. मी नुसतं बोलेन.”

“अजिबात नाही.” काकूचा आवाज एकदम सरकारी झाला. “ती माणसं आमच्यावर विश्वास ठेवून सांगतात. त्यांचं नाव माझ्या नवऱ्यालाही कळत नाही. पुन्हा विचारू नकोस.”

पण शनिवारी काकूच स्वतःहून खाली आली, चेहरा पाडून. रविवारी तिला बजबजला घरभेटींना जायचं होतं. भेटी रविवारीच, कारण त्या दिवशी माणसं घरी सापडतात. बरोबर जाणारी बंगाली सहकारी तापाने फणफणली होती, आणि काकूची बंगाली मासळीबाजारापुरती. ‘केवढ्याला?’ आणि ‘काटे काढून द्या’ याच्या पुढे गाडी सरकत नसे.

“मी येते,” मधुवंती म्हणाली.

काकू कितीतरी वेळ बोटातली अंगठी फिरवत बसली. “ऑफिसात कळलं तर माझी नोकरी जाईल,” ती शेवटी म्हणाली. “तीन अटी. तिथलं नाव, गाव, घर, कुणालाही सांगायचं नाही. मी विचारेन तेवढंच विचारायचं. आणि दारात कॅन्सर हा शब्द काढायचा नाही, काही झालं तरी. आरोग्याच्या पाहणीसाठी आलोय, एवढंच. तू माझी जीभ. डोकं नाही. कळलं?”

“कळलं, कळलं!”

आईला सांगितलं, काकूबरोबर बजबजला नदी बघायला जातेय.

गाडीत बसल्यावर मधुवंतीने हळूच विचारलं, “काकू, आज आईसारखी कुणी आहे का गं?”

काकू खिडकीबाहेर बघत राहिली. “तू भाषांतर करायला आलीस का भविष्य बघायला?”

“सांग ना.”

“एक आहे. शेवटचं घर. आता गप्प.”

मधुवंती गप्प बसली, पण तिचं मन कुठलं गप्प बसायला! मनाने परस्पर पैज लावून टाकली. ती बाई जिवंत निघाली तर आई वाचेल. नाही निघाली तर… असलं काही मनात आणू नये हे तिला कळत होतं. पण एकदा लावलेली पैज मागे घेता येईना.

पहिलं घर जूट मिलच्या मागच्या वस्तीत होतं. ओट्यावर एक आजोबा बनियनवर बसून पेपर वाचत होते. मधुवंतीने नाव विचारलं, त्यांनी ते इथेच राहतात असं सांगितलं. आवाज घोगरा, गळ्यावर जुन्या टाक्यांची खूण.

“ते… बरे आहेत का?”

आजोबांनी पेपर खाली केला आणि आत तोंड करून हाक मारली, “अगं, ऐकलंस? मी बरा आहे का हे विचारायला माणसं पाठवलीत!”

आतून बायकी आवाज आला, “सांगा त्यांना, बराही होत नाही आणि माझी सुटकाही करत नाही!”

मधुवंती खो-खो हसली. काकूलाही हसू आवरेना. तिने टॅबवर खूण केली आणि मधुवंतीला वाटलं, हे तर सोपं आहे, उगाच घाबरत होतो आपण.

दुसऱ्या घरात सुनेने काही न बोलता भिंतीकडे बोट केलं. फोटो होता, त्याला रजनीगंधाचा हार. सुनेने दोघींना पाणी आणून दिलं, आणि मधुवंतीने पेला तसाच खाली ठेवला. बाहेर पडताना तिने मागे वळून बघितलं नाही.

मग टोटो करून त्या शेवटच्या घराकडे निघाल्या. टोटोचं ते बॅटरीवरचं धूड खड्ड्यांतून उड्या मारत चाललं होतं आणि मधुवंतीचं काळीज त्याच्याही वर उड्या मारत होतं. तळ्याकाठी एकमजली पिवळं घर. दारावर अशोकाच्या नव्या पानांचं तोरण. पायरीखाली चपला-बुटांची रास, त्यात पुरुषांचे चकाकणारे बूट आणि जरीच्या मोजड्या. आतून मैद्याच्या पुऱ्या, म्हणजे लुची, तळल्याचा वास येत होता.

काकू थबकली. “पाहुणे आहेत. मधू, नको, आपण नंतर—”

पण मधुवंतीचा हात घंटीवर पडला होता.

दार अर्धवट उघडलं. पन्नाशीची बाई, लाल काठाची साडी, लांब बाह्यांचा ब्लाउज, कपाळावर घामाचे थेंब. हातात मिठाईचा ट्रे. “काय हवंय?”

दारातलं सगळं बोलणं बंगालीत चाललं होतं, आणि काकूच्या वाटेची बंगाली मधुवंतीच बोलत होती.

“अणिमा कुंडू इथेच राहतात ना?”

बाईचा चेहरा दगडाचा झाला. “कशाला?”

“आरोग्याची पाहणी आहे. त्यांची तब्येत कशी आहे, एवढंच विचारायचंय.”

“आम्हाला पाहणी नको. आज वेळ नाही. जा.” आणि दार मिटायला लागलं.

दार मिटत होतं. मधुवंतीला एवढंच दिसत होतं. एक वीत, मग चार बोटं. त्या फटीपलीकडे आईचा जीव होता आणि फट बारीक होत चालली होती. काकूने मागून तिची ओढणी ओढली. पण जिभेला चाकं फुटली होती ना!

“अहो, आम्ही कॅन्सरच्या नोंदणीतून आलोय!” ती म्हणाली. माइकपुढे बोलावं तशी, खणखणीत.

आत चमचे वाजत होते ते थांबले. कुणीतरी बोलत होतं, तेही थांबलं.

त्या बाईने मधुवंतीकडे पाहिलं. ती नजर मधुवंती जन्मात विसरणार नाही. मग बाईने मान किंचित आतल्या बाजूला वळवली आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात, शांतपणे म्हणाली, “ती माझी मोठी जाऊ. वारली. कधीच वारली.”

दार बंद झालं.

मोठी जाऊ. बंगालीत म्हणतात ‘बोडो जा’. एवढं तर काकूलाही भाषांतराशिवाय कळलं. तिने टॅब छातीशी धरला आणि तशीच उभी राहिली, कारण टालीगंजच्या घरात, गॅसपुढे, तिचीही एक मोठी जाऊ होती.

दोघी तळ्याच्या कडेने चालायला लागल्या. काकू रागावेल, ओरडेल, असं मधुवंतीला वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“मी एकच शब्द सांगितला होता,” काकू एवढंच म्हणाली. “मुलीला बघायला आले असतील तिथे. तोरण दिसलं नाही तुला? बूट दिसले नाहीत?”

मधुवंतीला तोरण दिसलं होतं, बूटही दिसले होते. ती वडाच्या पारावर मटकन बसली. वारली. कधीच वारली. ती पैज हरली होती. आता घरी जाऊन आईच्या तोंडाकडे कसं बघायचं? आई वरण फोडणीला टाकत असेल आणि आपल्याला माहीत असेल. काकू शेजारी बसली, तिने टॅबवर बोट फिरवलं, खालच्या रकान्यात खूण केली आणि नाक ओढलं. एक पायरी.

“ओ दीदी! थांबा!”

तळ्याच्या पलीकडून, मागच्या दारातून कुणीतरी धावत येत होतं. लाल काठाची साडी, पदर कमरेला खोचलेला. तीच बाई. ती जवळ येऊन वाकून धापा टाकायला लागली, आणि आता मधुवंतीला दिसलं, की तिचा उजवा हात डाव्यापेक्षा जाड होता, दंडापासून मनगटापर्यंत सुजल्यासारखा, आणि त्या हाताची बाही शिवतानाच सैल ठेवलेली होती.

“काय लिहिलंत?” तिने विचारलं.

काकूनेच मोडकंतोडकं उत्तर दिलं, “वारल्या. असं.”

“खोडा!” बाईने उजव्या हाताने डाव्या मनगटातलं सवाष्णीचं लोखंडी कडं घट्ट धरलं. “आत्ताच्या आत्ता खोडा ते. घरात शुभकार्य आहे, आणि मी माझ्या तोंडाने, दारात उभं राहून, स्वतःला… देवा रे. खोडा म्हणते ना!”

“म्हणजे… तुम्हीच अणिमा कुंडू?” मधुवंतीने विचारलं.

“मग कोण, भूत? भूत असं धापा टाकतं का भर दुपारी?”

मधुवंती रडायला लागली. ठरवून नाही, आपोआप, नाकातोंडातून, लहान मुलासारखी. काकूने नियमाप्रमाणे जन्मसाल विचारलं, नवऱ्याचं नाव विचारलं, मधुवंतीने हुंदके देत देत भाषांतर केलं, आणि काकूने खालची खूण पुसून वरच्या रकान्यात केली. बाईने टॅबमध्ये डोकावून खात्री करून घेतली.

“हिला कशाला आणता बरोबर?” मग ती मधुवंतीवर घसरली. “तोंड आहे का लाउडस्पीकर? मुलाची आई मला विचारतेय, कोण ही जाऊ, कधी वारली? माझ्या नवऱ्याला सख्खा नाही, चुलत नाही, भाऊच नाही! आता मी त्याच्यासाठी एक भाऊ आणि भावाला एक बायको जन्माला घातली आणि तिला मारून पण टाकली. तो आत बसलाय, चहा नाकात गेलाय त्याच्या. आणखी मिठाई काढते सांगून मी मागून पळालेय.”

“लग्न… मोडेल का?” मधुवंतीने विचारलं. नवी भीती जुनीच्या शेजारी येऊन बसली होती.

“मला काय माहीत? लोकांना वाटतं आईला झालं की मुलीलाही होणारच. त्यांना कळलं तर उठून जातील.” ती वळली, दोन पावलं गेली.

“माझ्या आईला पण झालाय,” मधुवंती म्हणाली.

काकूने डोळे मिटून घेतले. हे काही तिच्या प्रश्नांत नव्हतं.

अणिमा कुंडू थांबली. घराकडे बघितलं, मग मधुवंतीकडे. “औषधं चालू आहेत?”

“नाही म्हणते. म्हणते, माझ्यात धीर नाही. तुमच्यासारख्या… तुमच्यासारखा धीर नाही.”

“माझ्यासारखा?” बाई हसलीच, पण ते हसू काही फार छान नव्हतं. “माझ्यात कुठला धीर गं? पहिल्या दिवशी मी हॉस्पिटलच्या फाटकातून परत फिरले. दोनदा. नवऱ्याच्या हाताला चावले मी, विचार त्याला. नको, विचारू नकोस. सुई बघितली की आजही माझे पाय लटपटतात. गेल्या महिन्यात वर्षाची तपासणी होती, आठवडाभर भात घशाखाली उतरला नाही. पाच वर्षं झाली, सहावं लागलं, तरी दर वेळी तेच. कधी जातं असं वाटतं तुला? जात नाही.”

“मग कशा गेलात तुम्ही?”

“घाबरतच गेले,” ती म्हणाली. “घाबरलेल्या माणसालाही औषध चढतं. त्या बाटलीला काय कळतं, समोरची शूर आहे का भित्री?”

घरातून कुणीतरी हाक मारली. तिने पटकन पदर सोडला, तोंड पुसलं, आणि दुखऱ्या हाताने मधुवंतीच्या गालावर एक चापटी मारली. अगदी हलकी नव्हती ती. “पुन्हा माझ्या दारात येऊ नका,” ती काकूला म्हणाली. “पाच वर्षांनीसुद्धा फोनच करा. मी उचलेन.” आणि तळ्याच्या कडेने धावत गेली, लुची जळू नये म्हणून धावतात तशी.

आत पुढे काय झालं ते त्या दोघींना कधीच कळणार नव्हतं. परतीच्या गाडीत काकूने मधुवंतीचा हात हातात घेतला.

आई स्वयंपाकघरात होती. मधुवंतीने चपलाही काढल्या नाहीत. ओट्याला टेकून तिने सगळं सांगून टाकलं. नाव नाही, गाव नाही, घर नाही, बाकी सगळं.

आईचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. “सायली!” ती दारात उभ्या काकूला म्हणाली, “तू हिला असल्या कामाला नेलंस? मला नदी सांगून?”

“चुकलं, वहिनी,” काकू म्हणाली.

“आणि कोण ही बाई?”

“नाव नाही सांगणार,” मधुवंती म्हणाली.

“कुठे राहते?”

“तेही नाही.”

आईने काकूकडे बघितलं. काकूने मान खाली घातली. हो म्हणण्याची तिला मुभा नव्हती, आणि नाही म्हणणं तिला जमत नव्हतं.

“बनवलीत,” आई म्हणाली. “दोघींनी मिळून बनवलीत ती बाई. माझी समजूत काढायला. मला काय कुक्कुलं बाळ समजता?” तिने भात परतायला घेतला. उलथनं पातेल्याला खणखण लागत होतं.

जग हलवणारं एकही वाक्य मधुवंतीला सुचेना. पुरावा नाही, नाव नाही, फोटो नाही. आई पाठमोरी उभी होती, आणि ती पाठ म्हणजे बंद झालेलं दारच होतं. तिला कळून चुकलं, की हे दार आता असंच राहणार, दिवस जात राहणार, आणि मग एक दिवस, जिन्याची पायरी.

उलथन्याचा आवाज थांबला.

“चावली म्हणालीस?” आईने मागे न बघता विचारलं.

“हो. नवऱ्याच्या हाताला.”

“आणि फाटकातून परत?”

“दोनदा.”

“आणि भाऊच नाही त्याला, तरी जाऊ मारली.” आईचे खांदे हलले. ती हसतेय का रडतेय ते पाठीवरून कळेना. मग ती वळली. डोळे भरलेले होते.

“तू बनवली असतीस तर वाघीण बनवली असतीस,” ती म्हणाली. “ओळखते ना मी माझी मुलगी. तिने हसत हसत सलाइन घेतलं असतं, वर भाषण ठोकलं असतं. चावणारी बाई तुला सुचलीच नसती.” पदराने तिने नाक पुसलं. “अजून घाबरते म्हणाली?”

“दर तपासणीला. भात उतरत नाही.”

“सहाव्या वर्षीसुद्धा?”

“सहाव्या वर्षीसुद्धा.”

आई खाली पाटावर बसली. “माझ्या आईला कधी घाबरलेलं बघितलं नाही मी,” ती म्हणाली. “मला वाटायचं, तसा धीर असायलाच लागतो.”

तिने हात पुढे केला. मधुवंतीने फोन दिला. आईने हॉस्पिटलचा नंबर लावला, आणि रविवार होता म्हणून तिकडून नुसतं यंत्र बोललं, आधी बंगालीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत: कार्यालय उद्या सकाळी उघडेल. आईने ते तिन्ही भाषांतलं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“उद्या सकाळी पुन्हा लाव,” ती मधुवंतीला म्हणाली. “शाळेतल्यासारखं मोठ्याने बोल, तारीख घे. मी नको म्हणाले तरी लाव.”

“आणि तू फोन हिसकावून घेतलास तर?”

“तर सायलीला बोलाव, धरायला.”

काकू दारातून आत आली आणि भाताखालचा गॅस बंद केला. भात बुडाला लागला होता.